मदत हवी आहे: कार्डाऐवजी रोख, पण सुट्ट्या पैशांचं काय?

मालवण-देवगड पट्ट्यातल्या छोट्या दुकानांत महिनाभर कार्ड न वापरता रोखीनं खरेदी करायची आहे. विरोध आहे तो कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे दुकानदाराच्या खिशातून जाणाऱ्या कमिशनला. मशीनवरच्या डेबिट कार्डाच्या कमिशनला २०१८ पासून मर्यादा आहे: वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर ०.४० टक्के, त्यावर ०.९०. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादाच नाही, खरी कात्री तिथं लागते. बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर आणि रुपे डेबिटवर २०२० पासून शून्य, त्यामुळे क्यूआर कोडवर राग काढण्यात अर्थ नाही.

अडतंय दोन ठिकाणी. ४० रुपयांच्या कोकम सरबताला ५०० ची नोट दिली की दुकानदारच वैतागतो. दहाची नाणी वैध असूनही काहीजण घेत नाहीत (नाण्यांत एका वेळी १,००० रुपयांपर्यंतच देता येतात, हेही खरं). दुसरं म्हणजे, चालू खात्यात ठरावीक रकमेपलीकडे रोख भरली की बँक त्यावरही शुल्क लावते. मग दुकानदाराचं वाचलं काय?

सिंधुदुर्गात नाणी आणि १०-२० च्या नोटा कुठल्या शाखेत, किती आधी सांगून मिळतात? छोट्या दुकानाला मोफत रोख भरण्याची मर्यादा कुठल्या खात्यात जास्त आहे? आणि पक्कं बिल मागायचंच, त्यावर वाद नको.