शैक्षणिक पालकत्व घेतलेल्या मुलाच्या घरी जावे का?

काठपदर
परदेशातील एका मुलाचे शैक्षणिक पालकत्व घेतलेल्या सदस्याने त्याच्या कुटुंबाला भेटून आल्यावर गेल्या आठवड्यात येथे लिहिले, "आपला पैसा कोठे जातो हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय देऊच नये, आणि त्या आईच्या डोळ्यांतली कृतज्ञता पाहिली की सगळे भरून पावते." हे वाक्य मला तेव्हापासून टोचते आहे, म्हणून स्वतंत्र धागा काढते.

केनियातील एका मुलीच्या शिक्षणाचा खर्च मी सात वर्षे करते आहे. तेथे प्राथमिक शाळांची फी २००३ मध्ये माफ झाली, पण गणवेश, वह्यापुस्तके आणि पुढे वसतिगृह हे खर्च घरच्यांच्या डोक्यावर राहतातच. पाचव्या वर्षी मी तिच्या घरी गेले. माझ्यासाठी मांडलेल्या दोन खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणलेल्या होत्या. एकीच्या पाठीवर दुसऱ्याच कुटुंबाचे नाव रंगवलेले होते. आईने त्या दिवसाची मजुरी बुडवली होती. सुट्टी असूनही मुलगी गणवेशात होती आणि प्रगतिपुस्तकातले गुण उभी राहून सांगत होती. मी कितीही प्रेमाने गेले असले तरी त्या घरासाठी ती तपासणीच होती. पैसे देणाऱ्याने घरी जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पांथस्थ
ताई, अनुभव एका भेटीचा आणि नियम मात्र सगळ्यांना, हे मला पटत नाही. नाझी राजवटीतून निसटून स्वीडनमध्ये आलेल्या हिल्डे बाक या शिक्षिकेने केनियातील एका मुलाच्या फीसाठी सत्रागणिक अगदी थोडी रक्कम पाठवली. तो मुलगा, क्रिस म्बुरू, पुढे हार्वर्डमध्ये कायदा शिकला, संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचे काम करू लागला आणि त्याने बाकबाईंच्याच नावाने शिक्षणनिधी उभा केला. त्या केनियाला गेल्या, तेव्हा त्याच्या गावाने त्यांचे स्वागत केले. ही भेट झालीच नसती तर बरे झाले असते, असे आपण म्हणाल का?

काठपदर
म्हणणार नाही, पण आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तो शाळेत असताना बाकबाई प्रगतिपुस्तक पाहायला गेल्या नव्हत्या. तो मोठा होऊन स्वतःच्या पायांवर उभा राहिला आणि त्याने त्यांचा शोध घेतला. बोलावणे कोणाकडून आले, यावरच सारे अवलंबून आहे.

रोखठोक
भावनेच्या भरात हिशेब विसरू नये. १९९८ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'च्या पत्रकारांनी स्वतः प्रायोजक होऊन वेगवेगळ्या संस्थांमार्फत मुलांसाठी पैसे भरले आणि नंतर त्या मुलांचा माग काढला. मालीमधील एक मुलगी मरण पावल्यानंतरही तिच्या नावाने पैसे घेतले जात होते, हे त्यात उघड झाले. कोणीतरी प्रत्यक्ष गेले म्हणूनच ते कळले ना? तपासणी हा शब्द आपण शिवीसारखा वापरता, याचा मला संताप येतो.

काठपदर
ते पत्रकार होते आणि मागोवा घेणे हे त्यांचे काम होते. संस्थेने ठरवलेल्या दिवशी, संस्थेच्या गाडीतून, संस्थेचाच दुभाषा घेऊन दोन तास बसणाऱ्या पाहुण्याला काय सापडणार? हिशेब तपासायचे तर लेखापरीक्षण मागा, त्याचे ओझे त्या आईवर टाकू नका. माझा शब्द मी मागे घेणार नाही.

खडूफळा
मूळ प्रश्न भेटीचा आहे हे मान्य, पण भेटीच्या आधी पत्रे येतात आणि त्यांच्याबद्दल कोणीच बोलत नाही. मी एका संस्थेसाठी काही महिने मुलांच्या पत्रांचे भाषांतर केले. "मी आनंदात आहे, मी मन लावून अभ्यास करतो, तुमचे आभार" ही तीन वाक्ये एकाच क्रमाने इतक्या पत्रांत आली की चौथे वाक्य दिसले की मी हातातले काम थांबवून ते पुन्हा वाचत असे. एका मुलाने लिहिले होते, "माझी ताई विचारते की तुम्ही मलाच का निवडले." पर्यवेक्षकाने ते वाक्य गाळायला सांगितले आणि मी ते गाळले. त्याची टोचणी मला अजून आहे.

सांजवात
ते वाक्य वाचून मला लिहिणे भाग पडले. येथे सगळे देणाऱ्यांच्या बाजूने बोलत आहेत; मी घेणारा मुलगा होतो. परदेशातील एका जोडप्याने माझी शाळेची सगळी वर्षे निभावून नेली. मी आठवीत असताना ते घरी आले. काठपदर ताई, माझ्या आईने त्या दिवशी अपमान सोसला असे आपण परस्पर ठरवू नका. "ज्याने दिले त्याचे तोंड तरी पाहू दे," असे ती वर्षभर म्हणत होती. ओळखदेख नसलेल्या माणसाचे घेणे तिला जास्त जड जात होते.

मात्र माझा मोठा भाऊ त्या दिवशी घरी थांबला नाही. योजना आली तेव्हा त्याचे वय बसत नव्हते, म्हणून नाव माझे लागले. पाहुण्यांनी काढलेल्या फोटोत आम्ही तिघेच आहोत.

पांथस्थ
आपल्या भावाबद्दल वाचून वाईट वाटले, तरी एकूण लाभ नाकारता येत नाही. वायडिक, ग्लेवे आणि रटलेज या अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये भारत आणि केनियासह सहा देशांतील १०,१४४ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी अशी मदत मिळालेल्यांचे शालेय शिक्षण १.०३ ते १.४६ वर्षांनी वाढल्याचे त्यात आढळले.

सांजवात
तो अभ्यास मीही वाचला आहे. ती वाढ कशाशी ताडून काढली, हे आपण सांगितले नाही. प्रकल्प सुरू झाला तेव्हा वयाची मर्यादा ओलांडलेली मोठी भावंडे त्या तुलनेत होती. आपण अभिमानाने मांडलेल्या त्या दीड वर्षाच्या पलीकडच्या बाजूला माझा भाऊ उभा आहे. आकडा खरा आहे आणि त्यात माझेही भले झाले आहे. पण तो माझ्या तोंडावर असा फेकू नका.

पांथस्थ
फेकण्याचा हेतू नव्हता. शब्द कोरडे पडले, हे मान्य करतो.

रोखठोक
मग एका घरातल्या सगळ्याच मुलांना द्यायचे का? तेवढ्या पैशांत दुसऱ्या घरातले एकही मूल शिकणार नाही. कोणीतरी मागे राहणारच, हे कठोर असले तरी खरे आहे.

खडूफळा
खरे असेल, पण म्हणूनच नावानिशी एक मूल निवडण्याऐवजी शाळेला किंवा गावाला मदत द्यावी असे मी म्हणते. फळा, शौचालय आणि शिक्षक सगळ्यांना मिळून वापरता येतात, आणि तेथे कोणाला पत्र लिहावे लागत नाही.

रोखठोक
गावाच्या नावाने पैसे मागितले तर निम्मे लोक देणार नाहीत. चेहरा दिसतो म्हणून माणूस दर महिन्याला न चुकता देतो, हे आपल्याला आवडो वा न आवडो.

काठपदर
सांजवात, "जाऊच नये" हा माझा आग्रह मी सोडते. आपल्या आईच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला नव्हता आणि त्या मुलीच्या आईच्या वतीनेही नाही. तिला मी भेटावे असे वाटत होते की नाही, हे मी विचारलेच नव्हते. कृतज्ञता पाहून भरून पावण्याबद्दल मात्र मी जे लिहिले ते तसेच राहील.

आपण फोटोचे लिहिल्यावर मी माझा फोटो काढून पाहिला. दाराच्या चौकटीशी तिचा धाकटा भाऊ अर्धा दिसतो आहे. त्याचे नाव मी कधी विचारले नाही. तो शाळेत जातो का, असे आज संस्थेला लिहून विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.