विषय: सांगली-साताऱ्यासाठी लघुपट – पैसे घालायचे का?

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,
आपल्या परदेशातल्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या जमाखर्चात थोडी शिल्लक आहे. नागरिकांच्या जबाबदारीवर एक मराठी लघुपट करून तो सांगली-सातारा भागातल्या शाळांना आणि ग्रामपंचायतींना दाखवायला द्यावा, अशी सूचना कार्यकारिणीत आली आहे. विषय कचरा, मतदान, पाणी असे. आपल्यातले निम्मे लोक याच दोन जिल्ह्यांतले, म्हणून तिथून सुरुवात. मतं इथेच लिहा, मला वेगळे व्हॉट्सअ‍ॅप करू नका.

प्रेषक: कोरेगावकर

उपदेशाचा पिच्चर आपल्याकडं कुणी बघत नाही. पूर्वी थिएटरात आधी सरकारी माहितीपट लागायचा, तेव्हा निम्मी माणसं बाहेर चहा पीत असायची.

उदाहरण हवंच असेल तर आमच्या तालुक्याचं घ्या. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा, म्हणजे गावागावांत पाणी अडवायची चढाओढ, २०१६ साली तीनच तालुक्यांत सुरू झाली: वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. पहिला नंबर आला आमच्या वेळूचा. दोन वर्षांनी माणमधली टाकेवाडी पहिली आली. त्या स्पर्धेतही मराठी फिल्मा होत्याच. पण ‘पाणी वाचवा’ असं सांगून त्या थांबत नव्हत्या. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी कसं अडवायचं, समपातळीची रेषा कशी आखायची, चर कुठं खणायचा, हे करून दाखवायच्या. गावातली पाच माणसं प्रशिक्षण घेऊन यायची आणि मग डोंगरावर कुदळी वाजायच्या. ४५ दिवसांची मुदत, त्यात शेजारचं गाव पुढं चाललंय ही खुमखुमी. सातारी माणसाला उपदेश मानवत नाही, ईर्षा बरोबर मानवते!

त्यामुळं फिल्म बघून गाव सुधारलं म्हणणं म्हणजे अक्षता टाकणाऱ्यानं लग्न लावलं म्हणण्यासारखं आहे. गाडगेबाबासुद्धा आधी खराटा घेऊन गाव झाडायचे, कीर्तन रात्री. आपण नुसतं कीर्तन पाठवणार असू तर माझा विरोध.

प्रेषक: वाईकर

परदेशातून येऊन गाव सुधारणाऱ्या माणसाचा पिच्चर आमच्या मेणवलीत होऊन गेलाय. ‘स्वदेस’, २००४. आपण सगळ्यांनी शाहरुख होऊ नये, एवढीच विनंती.

प्रेषक: गावभागातली, सांगली

मला मूळ विषयच खटकतोय. जबाबदारी नेहमी नागरिकांनाच का शिकवायची? शेरी नाल्याचं सांडपाणी मी शाळेत होते तेव्हाही कृष्णेत जात होतं आणि तेव्हाही आम्हाला नदी स्वच्छ ठेवण्यावर निबंध लिहायला लावत. माझ्या आईनं ओला-सुका कचरा वेगळा केल्यानं नाला वळणार नाही. ज्यांचं ते काम आहे त्यांना असा लघुपट सोयीचाच पडेल. उद्घाटनाला हौसेनं येतील, पहिल्या खुर्चीत बसतील.

दुसरं म्हणजे, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते आमच्या गावात. तिथल्या प्रेक्षकाला खोटा अभिनय आणि पुस्तकी भाषा पहिल्या मिनिटात कळते. पुण्याची शुद्ध मराठी बोलणारा सरपंच दाखवलात तर हसून हसून मरतील.

करायचंच असेल तर पुरावर करा. २००५, २०१९, २०२१, तीनदा घरात पाणी बघितलेली माणसं आहेत तिथं. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि धोक्याची पातळी ४५. पावसाळ्यात सांगलीत लोक एकमेकांना पहिलं विचारतात ते ‘पुलाला किती फूट?’ पण अमुक फूट झालं म्हणजे आपल्या गल्लीत पाणी कुठवर येणार, हे जुन्या माणसांना पाठ असतं आणि नव्या भाडेकरूला ठाऊक नसतं. निळी पूररेषा कुठली, लाल कुठली, फ्लॅट घ्यायच्या आधी नकाशा कुठं मागायचा, ओढा बुजवून प्लॉट पाडले की पाणी कुठं वळतं, हे दाखवा. अशा फिल्मला मी स्वतः पैसे घालीन.

प्रेषक: कडेगावकर

आमच्या शेजारच्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. गावानं बसून ठरवलं, कुणाचा लघुपट लागला नाही. तुमचा खेळ तिकडं लावायचा झाला तर साडेआठनंतर लावा.

प्रेषक: कोरेगावकर

ताई, पुराची फिल्म पहिली, मला एकदम मान्य. दुसरी सुचवतो: उभी बाटली, आडवी बाटली. उभी म्हणजे दारूचं दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. दारूबंदीचं हे मतदान कसं चालतं ते अजून पुष्कळ गावांत धड माहीत नाही. आधी २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज. मग मतदानाला आल्यात त्यांच्या निम्म्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला लागतात. म्हणजे जी घरी बसली तिचं मत आपोआप दुकानदाराच्या खात्यात. नवऱ्याच्या धाकानं नाही आली, भांगलणीला गेली म्हणून नाही आली, नाहीतर मुंबईला पोराकडं होती. यात कथा आहे, भांडण आहे, शेवटी मोजणी आहे. भाषण कुठंच लागत नाही. आणि बघणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी अर्ज कुठं द्यायचा ते कळलं पाहिजे, नाहीतर आपले पैसे गेले.

प्रेषक: सचिव

म्हणजे एकाच्या दोन झाल्या! दोन्ही मिळून वीस मिनिटांच्या आत बसवा, शिल्लक तेवढीच आहे. ताई, पुराच्या फिल्मसाठी गावभागातल्या दोन-तीन जुन्या माणसांना विचाराल का, कॅमेऱ्यासमोर बोलतील का म्हणून? चित्रीकरण पावसाळ्याआधी उरकायला लागेल. मेणवलीत मात्र काही करायचं नाही, वाईकरांची हरकत नोंदवून घेतली आहे.