दोन स्कॅनांच्या मध्ये यंत्रातच बदल झाला. मेंदूची झीज मोजायची कशी? (मदत हवी आहे)

नमस्कार. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंच्या आवरणाला इजा करणारा आजार) रुग्णांच्या मेंदूची वर्षभरात किती झीज होते, हे एमआरआयवरून मोजण्याचे काम मी करत आहे आणि एका ठिकाणी पुरती अडकले आहे. प्रत्येक रुग्णाचे टी-१ प्रकारचे, १ मिमी व्होक्सेलचे (प्रतिमेतल्या सर्वांत लहान घनाचे) दोन स्कॅन आहेत. मात्र जवळपास निम्म्या रुग्णांच्या बाबतीत, दोन्हींच्या मधल्या काळात यंत्राचे सॉफ्टवेअर आणि डोक्याची कॉइल (डोक्याभोवती बसणारा, संकेत टिपणारा भाग) बदलली गेली.

फ्रीसर्फर या मेंदूच्या भागांचे आकारमान मोजणाऱ्या सॉफ्टवेअरने आकडे काढले, तेव्हा एका रुग्णाचा थॅलॅमस (मेंदूच्या आत खोलवर असलेला करड्या द्रव्याचा भाग) चक्क वाढलेला दिसला. या आजारात थॅलॅमस लवकर आक्रसू लागतो, म्हणून मी एकेक काप उघडून पाहिला. नव्या स्कॅनमध्ये करड्या आणि पांढऱ्या द्रव्यातला भेद वेगळा उमटला होता आणि इंटर्नल कॅप्सूल या पांढऱ्या द्रव्याच्या पट्ट्याला लागून असलेली थॅलॅमसची कडा जेमतेम एका व्होक्सेलने बाहेर सरकली होती. निरोगी प्रौढाच्या मेंदूचे आकारमान वर्षाला साधारण ०.२ ते ०.५ टक्के घटते, आणि या आजारात उपचार नसल्यास बहुधा ०.५ टक्क्यांहून अधिक. म्हणजे जे मोजायचे आहे तेच इतके अल्प, की एवढ्याशा सरकण्याखाली ते सहज झाकले जाते.

दोन्ही स्कॅनांवरून प्रत्येक रुग्णाचा सामाईक साचा तयार करणारी फ्रीसर्फरची लाँगिट्यूडिनल पद्धत वापरून झाली. टी-१वर काळसर दिसणारे व्रण करडे द्रव्य म्हणून मोजले जात होते, तेही आसपासच्या पांढऱ्या द्रव्यासारख्या छटेने भरून घेतले. डोके हलल्यास कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) खोटाच पातळ दिसतो, म्हणून तसे स्कॅन वगळले. फरक कमी झाला, पण गेला नाही.

आता कॉम्बॅट (वेगवेगळ्या यंत्रांमुळे आकड्यांत येणारा फरक काढून टाकणारी सांख्यिकी पद्धत) वापरावे, तर खरी अडचण निराळीच आहे. यंत्रातला बदल ज्यांची नोंदणी उशिरा झाली त्यांच्याच वाट्याला आला, आणि त्यांचा आजार अधिक जुना आहे. अशा वेळी यंत्राचा परिणाम काढून टाकताना झीजही पुसली जाणार नाही, याची खात्री कशी करावी? की मिश्र-परिणाम प्रारूपात (एकाच रुग्णाची अनेक मोजमापे एकत्र हाताळणाऱ्या सांख्यिकी प्रारूपात) आजाराचा कालावधी आणि यंत्र हे दोन्ही घटक घालणे अधिक सुरक्षित ठरेल? फँटमची (यंत्र तपासण्यासाठी स्कॅन केल्या जाणाऱ्या ठरावीक मापाच्या वस्तूची) मोजमापे हाताशी आहेत. पण त्यांवरून भौमितिक विकृती कळते, ऊतींमधला भेद नव्हे. जुनी कॉइल आता उपलब्ध नसल्यामुळे त्याच व्यक्तींचे दोन्हींवर स्कॅन करण्याचा मार्गही बंद आहे.

आणखी एक शंका. काही रुग्णांचे उपचार पहिल्या स्कॅनच्या सुमारास सुरू झाले. दाह ओसरल्यावर मेंदूतले पाणी कमी होऊन आकारमान घटते, ती झीज नव्हे. या रुग्णांना वगळावे, की वेगळा गट करावा?

अशा माहितीवर प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.