पुरीचा सूर्योदय: सूर्य पांढराफटक का येतो

ओडिशातल्या पुरीच्या किनाऱ्यावर तुम्ही काढलेल्या सूर्योदयाच्या फोटोत सूर्य पांढराफटक आलाय, कारण कॅमेऱ्याने अंधाऱ्या वाळूवरून एक्सपोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) ठरवलं. कॅमेऱ्यातलं एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (+/-) -1 ते -1.7 वर आणा आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. सावल्या नंतर उजळता येतात, जळालेला, म्हणजे पूर्ण पांढरा पडलेला भाग परत येत नाही. सूर्य वर येण्याआधीच्या 10-15 मिनिटांचे रंग तर अजिबात सोडू नका! तेव्हा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/11 आणि शटर साधारण अर्धा सेकंद ठेवलं की परतणाऱ्या लाटेच्या रेघा सुरेख उमटतात. ट्रायपॉडचे पाय मात्र दाबून बसवा, लाट त्यांच्याखालची वाळू ओढते आणि फोटो हलतो. एसी खोलीतून काढलेल्या लेन्सवर बाष्प धरतं, म्हणून अर्धा तास बॅगेतच राहू द्या. कोकणात सूर्य डोंगरामागून येतो, तिथे उजाडताना पश्चिमेच्या आकाशातला गुलाबी पट्टा टिपा.