वय सांगणारं घड्याळ

तुझी पोस्ट वाचली. सोळाव्या वर्षी, महिन्याभरात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकून डीएनएवरून वय ओळखणारा प्रोग्राम लिहिलास, मानलं तुला! फक्त 'चूक जेमतेम एका वर्षाची' या आकड्यापाशी जरा थांब. संशोधक स्टीव्ह होर्वाथ यांनी 2013 साली डीएनएवरच्या 353 मिथिलेशन जागांवरून (म्हणजे वयाबरोबर बदलणाऱ्या रासायनिक खुणांवरून) केलेल्या, वय सांगणाऱ्या प्रसिद्ध 'घड्याळा'चीही चूक साडेतीन वर्षांच्या आसपास होती. एकाच माणसाचे दोन नमुने प्रोग्रामला शिकवण्याच्या आणि त्याला तपासण्याच्या अशा दोन्ही ढिगांत गेले नाहीत ना? तसं झालं तर तो वय नाही, माणूसच ओळखतो. मी एकदा नमुन्यांच्या ओळी नुसत्या पिसून दोन ढिगांत वाटल्या होत्या. निकाल इतका झकास की रात्री झोप लागेना. मग माणसागणिक वाटणी केली, म्हणजे एका माणसाचे सगळे नमुने एकाच ढिगात ठेवले, आणि सगळा फुगा फुटला.

दुसरं, 'या जागा बदलल्या तर आयुष्य वाढेल' हे मात्र पटलं नाही. घड्याळ वय सांगतं, वय घडवतंच असं नाही. 1993 मध्ये संशोधक सिंथिया केन्यन यांच्या गटाने डाफ-2 या एका जनुकात बिघाड असलेले इवलेसे गोलकृमी दुपटीहून जास्त जगतात हे दाखवलं, तेव्हा जनुकातला फरक आणि आयुष्य यांचा थेट संबंध दिसला होता. तुझ्याकडे अजून फक्त सहसंबंध आहे, म्हणजे दोन गोष्टी सोबत बदलतात एवढंच.

वाटणी बदलून नवा आकडा इथे टाकशील का? वाढला तरी टाक.