डाळिंबाच्या सालीत औषध सापडतं, की मशीनच्या आलेखावरचे नुसते 'पीक' (टोकं)?

चिंचोळीचा_केमिस्ट
पुतणीचा एम.फार्म.चा प्रबंध चाळला. डाळिंबाच्या सालीचा अर्क, सॅम्पल एलसी-एमएसला (संयुगं वेगळी करून त्यांचं वजन मोजणारं मशीन) बाहेरगावी, परत आली 22 संयुगांची यादी. निष्कर्ष काय, तर 'मधुमेहावर औषधाची शक्यता'. अहो, मशीननं वजन सांगितलं, गुण कुठं सांगितला? चीनच्या शास्त्रज्ञ तू योयो यांच्या गटानं 1971 मध्ये अर्क आधी मलेरिया झालेल्या उंदरांवर चालवून बघितला, त्यातलं औषध, आर्टेमिसिनिन, वेगळं काढलं 1972 मध्ये. आपल्याकडं वरात आधी, मुलगी नंतर.

केगाव_रोड
साफ चूक. औषध शोधताना पहिला प्रश्न असतो, 'हे जुनंच तर नाही?' निगेटिव्ह मोडला (मशीन ऋणभारित कण, म्हणजे आयन, मोजतं तेव्हा) 1083 वजनाचा आयन दिसला की डाळिंबवाल्याला प्युनिकॅलॅजिन आठवतं. टॅनिन आहे ते, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं आणि एन्झाइमच्या चाचणीत खोटा होकार देतं. हे मशीनच्या एका फेरीत, एका रनमध्ये कळलं तर सहा महिने कॉलम (संयुगं वेगळी करायची नळी) भरत बसायचं वाचतं. उंदीरही वाचतात.

चिंचोळीचा_केमिस्ट
कळलं तर ना! यादीत 301 ला क्वेर्सेटिन लिहिलंय, लायब्ररी मॅच (मशीनमधल्या साठवलेल्या नोंदींशी जुळलं) म्हणून. सालीत एलॅजिक आम्ल भरपूर, त्याचाही आयन 301 चाच. आमच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) स्टँडर्ड, म्हणजे त्याच संयुगाचा शुद्ध नमुना, न चालवता नाव लिहिलं तर साहेब रिपोर्ट तोंडावर मारतील.

केगाव_रोड
म्हणून तर मशीनमध्येही आधी कॉलम असतो. दोन्ही एकाच मिनिटाला बाहेर पडत नाहीत. मशीन चांगलं असेल तर एक 300.999 ला, दुसरं 301.035 ला. नाहीतर फोडून बघा: क्वेर्सेटिन 151 आणि 179 चे तुकडे देतं, एलॅजिक देत नाही. वाचता आलं नाही म्हणून पोथीला का शिव्या?

हुरडा_पार्टी
दोघंही काचेच्या नळीत अडकलात. प्युनिकॅलॅजिन गिळल्यावर अख्खं रक्तात पोचतच नाही म्हटलं तरी चालेल. आतड्यातले जिवाणू एलॅजिक आम्लापासून युरोलिथिन करतात, आणि तेही प्रत्येकाच्या पोटात सारखं नाही. रक्तात काय पोचलं, किती तास टिकलं, हे मिलिलिटरमागे नॅनोग्रॅमच्या हिशोबात मोजायचं तर या मशीनला तोड नाही. माझ्या मते पैसे वसूल होतात ते तिथं. सालीची यादी कुणीही करतं.

चिंचोळीचा_केमिस्ट
रक्ताचं मान्य. पण प्रबंधात रक्त नाहीच, उंदीरही नाही. आत्ताच तिला फोन करून विचारलं, स्टँडर्ड का नाही चालवलं? म्हणाली, काका, लॅब दर रनमागे पैसे घेते, एकच रन परवडला.

केगाव_रोड
हां, हे मात्र खरं दुखणं. मग तिला '301, ओळख पक्की नाही' असं लिहायला सांगा. त्यात कमीपणा नाही.

चिंचोळीचा_केमिस्ट
बाइंडिंग झालंय ओ. पाच प्रती, सोनेरी अक्षरात.