शब्दचर्चा : आयतालेख आणि स्तंभालेख, एकाच आलेखाची दोन नावं की दोन वेगळे आलेख?

माझा मुलगा यंदा दहावीला आहे, सेमी इंग्रजीत. गणित इंग्रजीतून, त्यामुळे त्याच्या तोंडी हिस्टोग्राम, बार ग्राफ, पाय डायग्राम. मी सगळं मराठीतून शिकले. परवा त्याच्या वहीत एकमेकींना चिकटलेल्या उभ्या पट्ट्या दिसल्या, म्हणून विचारलं, "हा स्तंभालेख ना?" तो म्हणाला, "नाही आई, हिस्टोग्राम आहे. बार ग्राफ वेगळा." मग आठवलं, याला आम्ही आयतालेख म्हणायचो.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. कागदावर काढलेला प्रत्येक स्तंभ आयतच असतो, आणि आयत उभा केला की त्याचा स्तंभ होतो. मग दोन नावं कशासाठी? फट ठेवायची की नाही, एवढ्यापुरतीच? मुलाला विचारलं तर तो म्हणतो, "हिस्टोग्राममध्ये गॅप नसते." बरोबर आहे, पण का नसते ते त्याला सांगता आलं नाही, आणि मलाही.

दुसरी शंका वृत्तालेखाची, म्हणजे मुलाच्या पाय डायग्रामची. वर्तुळाला आपण वर्तुळ म्हणतो, मग आलेखातच वृत्त कुठून आलं? जाणकारांनी सांगावं.

*

ताई, मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. तुमची पहिली शंका वर्गात दरवर्षी येते. माझं मत आधीच सांगून टाकते: ही नावं ज्यांनी घडवली, त्यांनी कोणता आलेख कधी काढायचा याचं उत्तर नावातच ठेवलंय. आपण ते शब्द फोडून दाखवत नाही.

स्तंभ म्हणजे खांब. देवळातला खांब एकेकटा उभा असतो, दोन खांबांमध्ये मोकळी जागा असते आणि लक्ष जातं ते उंचीकडे. खांब किती जाड आहे, याला हिशेबात काही किंमत नाही. तसंच स्तंभालेखाचं. आंबा, केळी, पेरू या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आंब्यानंतर केळीच यावी असा नियम नाही, जागा बदलल्या तरी माहिती तीच राहते. म्हणून मध्ये अंतर, आणि रुंदी सगळ्यांची सारखी.

आयत म्हटला की मात्र लांबी आणि रुंदी दोन्ही आल्या, म्हणजेच क्षेत्रफळ आलं. आयतालेखात मोजायचं असतं ते क्षेत्रफळच. समजा, मुलांच्या उंचीचे वर्ग केलेत. १४० ते १५० सेंमी या वर्गात ३० मुलं आहेत, आणि पुढचा वर्ग कोणी १५० ते १७० असा मोठा घेतला, त्यातही ३० मुलं आहेत. दोन्ही सारख्या उंचीचे काढलेत तर दुसरा आयत दुप्पट मोठा दिसेल आणि तिथे जास्त मुलं आहेत असं वाटेल. तीच ३० मुलं दुप्पट जागेत पसरली आहेत, म्हणून उंची निम्मी हवी. शाळेत बहुतेक वेळा वर्ग सारख्याच रुंदीचे देतात, त्यामुळे हे कधी समोर येत नाही आणि मुलांना वाटतं की उंचीच मोजायची.

फट का नाही, तेही यातूनच येतं. उंची ही सलग राशी आहे. १५० ला एक वर्ग संपतो आणि तिथेच दुसरा सुरू होतो, मधे मोकळी जागा ठेवायची तर ती कोणत्या उंचीची? म्हणूनच १०–१९, २०–२९ असे वर्ग दिले असतील तर आधी ९.५–१९.५, १९.५–२९.५ असे सलग करून घ्यावे लागतात. मुलं ही पायरी पाठ करतात. आयत एकमेकांना टेकले पाहिजेत म्हणून ती आहे, हे एकदा सांगितलं की पाठ करावी लागत नाही.

*

वरचं विवेचन फार आवडलं. थोडी भर. 'हिस्टोग्राम' हा इंग्रजी शब्द कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात रूढ केला. त्याचं मूळ बहुधा ग्रीक 'हिस्टोस'शी जोडतात. हिस्टोस म्हणजे गलबताची उभी डोलकाठी. आपल्याकडे शब्दाला शब्द ठेवला असता तर हिस्टोग्रामलाच स्तंभालेख म्हणावं लागलं असतं! मराठी शब्द करणाऱ्यांनी तसं न करता आकृतीचा गुण पाहिला आणि आयत घेतला. मला हा मराठी शब्द मूळ शब्दापेक्षा नेमका वाटतो.

*

मी वर्तमानपत्रात मुद्रितशोधन करायचो, त्यामुळे या शब्दांकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहतो. स्तंभलेख आणि स्तंभालेख यांत फक्त एका कान्याचा फरक. पहिल्यात स्तंभ म्हणजे वर्तमानपत्राच्या पानावरचा रकाना, म्हणजे कॉलम. दुसऱ्यात स्तंभ + आलेख असा संधी. तसंच वृत्तलेख आणि वृत्तालेख. पहिला बातमीच्या अंगाने लिहिलेला लेख, दुसरा गणितातला. टंकणाऱ्याचा काना इकडचा तिकडे झाला की अर्थ पार बदलतो. म्हणून मुलांना हे शब्द फोडून शिकवावेत : स्तंभ + आलेख, आयत + आलेख, वृत्त + आलेख, चित्र + आलेख. नाहीतर आयतालेख हा 'आयता लेख' असा वाचला जातो. मी स्वतः लहानपणी तसाच वाचला होता.

आता वृत्ताबद्दल. संस्कृतात वृत्त म्हणजे गोल, वर्तुळ. हिंदीत आजही वर्तुळाला वृत्तच म्हणतात. मराठीत मात्र या शब्दाचे दोन अर्थ पुढे आले, एक बातमी आणि दुसरा कवितेचं वृत्त, म्हणजे भुजंगप्रयात, वसंततिलका वगैरे. गोलाचा अर्थ मागे पडला तरी पुसला गेला नाही. भूगोलात विषुववृत्त, अक्षवृत्त, रेखावृत्त आहेतच. तेव्हा वृत्तालेख परका नाही, त्याची भावंडं भूगोलाच्या पुस्तकात आहेत.

*

काका, पटलं. पण सातवी-आठवीच्या मुलाला वृत्त म्हटल्यावर विषुववृत्त आठवेल का? मला 'वर्तुळालेख' जास्त सोपा वाटतो.

*

सोपा आहे, पण पाठ्यपुस्तकात आणि प्रश्नपत्रिकेत वृत्तालेखच येतो. आता नवं नाव दिलं तर मुलांची पंचाईत होईल. मी वर्गात वर्तुळाचा वृत्तालेख असं एकदा म्हणते आणि पुढे जाते.

खरा गोंधळ 'पाय' या शब्दाने होतो. सेमीची मुलं पाय डायग्राम म्हणतात. मराठीत पाय म्हणजे शरीराचा पाय, आणि वर्तुळाच्या सूत्रातला ग्रीक पायसुद्धा आपण तसाच लिहितो, तसाच उच्चारतो. इंग्रजी वाचणाऱ्याला दोन्हींची स्पेलिंग वेगळी दिसतात, देवनागरीत ती सोय नाही. वर्तुळ आहे म्हणजे ३.१४ लागणारच, असं समजून हिशेब करणारी मुलं मी पाहिली आहेत. पाय डायग्राममधला पाय म्हणजे खायचा गोल पदार्थ, आपल्याकडे न होणारा. त्यात ३.१४ कुठेच लागत नाही. लागतो तो केंद्रीय कोन : घटकाची किंमत भागिले एकूण किंमत, गुणिले ३६०.

याला माझं आवडतं उदाहरण महाराष्ट्राचं आहे. आपले जिल्हे ३६, वर्तुळाचे अंश ३६०. म्हणजे प्रत्येक जिल्ह्याला बरोबर १० अंश! कोकण विभागात ७ जिल्हे, पुण्यात ५, नाशिकमध्ये ५, छत्रपती संभाजीनगरमध्ये ८, अमरावतीत ५, नागपुरात ६. कोन झाले ७०, ५०, ५०, ८०, ५०, ६०. बेरीज ३६०. आकडेमोडीची कटकट नाही, त्यामुळे सगळं लक्ष वर्तुळपाकळ्यांवर राहतं. (वर्तुळपाकळी हा शब्द मला आपल्या गणितातल्या सगळ्या शब्दांत सुंदर वाटतो.)

याच उदाहरणात वृत्तालेखाची मर्यादाही दिसते. पाकळ्यांवर नावं आणि आकडे न लिहिता मुलांना विचारते, ६० ची कोणती आणि ५० च्या कोणत्या? शेजारी नसतील तर चुकतात. तेच सहा स्तंभ काढले की क्षणात कळतं. म्हणून 'एकूणातला वाटा किती' असा प्रश्न असेल तर वृत्तालेख, 'कोण मोठं, कोण लहान' असा असेल तर स्तंभालेख.

*

मी इंदूरचा, शाळा हिंदीतून, घर मराठी. आमच्याकडे स्तंभालेखाला 'दंड आलेख' आणि आयतालेखाला 'आयतचित्र'. दोन नावांच्या शेवटी दोन वेगळे शब्द असल्यामुळे गोंधळ कमी व्हायचा. मराठीत सगळ्यांच्याच शेवटी आलेख येतो. पण एका बाबतीत मराठी बरी. आम्हाला संख्याशास्त्रात 'बारंबारता' आणि भौतिकशास्त्रात 'आवृत्ति' असे दोन शब्द होते. मराठीत ध्वनीची वारंवारता आणि सारणीतली वारंवारता एकच. कितीदा घडलं ते मोजणं दोन्हीकडे सारखंच आहे.

*

वारंवारतेचा विषय निघालाच आहे तर 'वारंवारता बहुभुज' (सेमीच्या मुलांचा फ्रिक्वेन्सी पॉलिगॉन) बद्दल लिहिते, कारण इथेही उत्तर नावातच आहे. मुलं वर्गमध्य, म्हणजे प्रत्येक वर्गाची बरोबर मधली किंमत, घेतात, बिंदू मांडतात, जोडतात आणि शेवटच्या बिंदूवर थांबतात. दोन्ही टोकं हवेत लटकत राहतात. मी विचारते, "हा बहुभुज आहे का?" बहुभुज म्हणजे बंद आकृती. मग ती बंद कशी होणार? पहिल्या वर्गाच्या आधी एक आणि शेवटच्या वर्गानंतर एक, असे शून्य वारंवारतेचे दोन वर्ग कल्पायचे आणि रेषा खाली अक्षापर्यंत आणायची. वर्ग सारख्या रुंदीचे असतील तर असं केलं की बहुभुजाचं क्षेत्रफळ आयतालेखाइतकंच भरतं, कारण कापलेले त्रिकोण आणि वाढलेले त्रिकोण सारखे असतात. इथेही परत क्षेत्रफळच!

आठवीच्या दोन शब्दांबद्दलही सांगते : विभाजित स्तंभालेख आणि शतमान स्तंभालेख. शतमान म्हणजे शेकडा, बाजारातला टक्का. दोन्हींत एकाच खांबाचे भाग पाडलेले, म्हणून मुलांना सारखे वाटतात. जनगणनेचे आकडे घ्या. महाराष्ट्राची लोकसंख्या १९६१ साली ३.९६ कोटी होती, २०११ साली ११.२४ कोटी. शहरी लोकसंख्या तेव्हा सुमारे २८ टक्के, नंतर सुमारे ४५ टक्के. शतमान स्तंभालेखात दोन्ही खांब १०० उंचीचे, आणि त्यातला ग्रामीण भाग ७२ वरून ५५ वर उतरलेला दिसतो. तो पाहून मुलं म्हणतात, गावातली माणसं कमी झाली. मग त्याच माहितीचा विभाजित स्तंभालेख काढायला लावते. ग्रामीण भाग सुमारे २.८४ कोटींवरून ६.१६ कोटींवर गेलेला, म्हणजे दुपटीहून जास्त. वाटा घटला, माणसं वाढली. दोन्ही आलेख खरे आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत. हे वर्गात घडतं तेव्हा मला मनापासून आनंद होतो.

*

ताई, इतिहासातला एक दाखला तुमच्या म्हणण्याला पुष्टी देतो. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली व्यापाराचे आलेख छापले. जवळजवळ सगळे रेषालेख, कारण त्याच्याकडे वर्षानुवर्षांचे आकडे होते. स्कॉटलंडच्या बाबतीत मात्र एकाच वर्षाचे मिळाले, १७८० च्या नाताळपासून १७८१ च्या नाताळपर्यंतचे. एका वर्षाची रेषा कशी काढणार? म्हणून त्याने १७ ठिकाणांसाठी पट्ट्या काढल्या, प्रत्येक ठिकाणाला आयातीची एक आणि निर्यातीची एक. म्हणजे आपल्या सातवीच्या भाषेत तो जोडस्तंभालेख झाला. वृत्तालेखही त्याचाच, १८०१ चा. तुर्की साम्राज्याचा किती भाग आशियात, किती युरोपात आणि किती आफ्रिकेत, ते त्यात दाखवलं होतं.

*

सगळ्यांचे आभार. मी विचारलं होतं दोन शब्दांबद्दल, मिळालं त्याच्या कितीतरी पट. काल रात्री मुलाला शेजारी बसवून हे सगळं वाचून दाखवलं. मग इंग्रजी नावं बाजूला ठेवून त्याला विचारलं : २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या पुरुषांची साक्षरता सुमारे ८८ टक्के आणि स्त्रियांची सुमारे ७६ टक्के. असे आकडे दहा जिल्ह्यांचे दिले, तर काय काढशील? थोडा वेळ गेला. म्हणाला, "जिल्ह्यांच्या जागा बदलल्या तरी चालतं, म्हणजे खांब. आणि प्रत्येक ठिकाणी दोन, म्हणजे जोडीने."

मग त्याने वही उघडली आणि फ्रिक्वेन्सी पॉलिगॉनची मागची तीन उत्तरं काढली. दोन्हींकडची टोकं उघडीच होती. पट्टी घेऊन त्याने ती खाली अक्षावर आणली.